एक कुलूप जास्त

माझी नणंद विजेची कामं घेते, वायरिंगपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळं बसवते, आणि तिने बसवलेलं तपासायला चाचणी अधिकारी म्हणून मी जाते, हे सांगितलं की ऐकणारा खुर्ची जवळ ओढतो. त्याला वाटतं, आता काहीतरी चमचमीत ऐकायला मिळणार. या धुलाई कारखान्याचं काम आलं तेव्हा मी नियमाप्रमाणे आधीच कळवून टाकलं होतं की बसवणारी माझ्या नात्यातली आहे, तपासायला दुसरं कुणी पाठवा. कारखान्याच्या मॅनेजरने नातं कोणतं ते विचारलं. नणंद-भावजय म्हटल्यावर तो हसतच सुटला आणि म्हणाला की मग तुम्हीच या, तुमच्या नजरेतून एक चूक सुटायची नाही.

मी त्यांना ताई म्हणते, त्या मला वहिनी. त्या माझ्या नवऱ्याहून चार वर्षांनी लहान आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मान कुणी कुणाला द्यायचा याचा निकाल आजवर लागलेला नाही. साइटवरची माणसंही आम्हाला ताई आणि वहिनीच म्हणतात. ताई कमी बोलतात. राहिलेलं सगळं मी बोलते. माझा राग नाकावर असतो आणि तो तिथून खाली उतरायला वेळ लागत नाही, हे घरी आणि साइटवर सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या सकाळी मात्र मी रागात नव्हते, नुसती उतावीळ झाले होते. सहा वाजल्यापासून घरात तीन वेळा चप्पल घालून काढली होती. कारण त्या दिवशी नवीन वीज पहिल्यांदा चालू होणार होती, आणि त्या चाचणीवर ताईंचा परवाना ठरणार होता.

बावीस वर्षं ताई ही कामं करताहेत, पण कारखान्यांच्या विजेचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. काम त्यांनी करायचं, घाम त्यांनी गाळायचा, आणि शेवटी परवाना असलेल्या एका काकांनी येऊन सही करायची. त्या काकांना सगळे सहीवाले काका म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या हातात पेनाशिवाय दुसरं हत्यार मी कधी पाहिलं नाही. परवाना हवा असेल तर निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर एक पूर्ण काम चालू करून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी तीनच संधी मिळतात. पहिल्या वेळी एका पॅनेलवर धोक्याची पाटी नव्हती. दुसऱ्या वेळी जनरेटरची बॅटरीच बसली. ही तिसरी वेळ होती. निरीक्षक दुपारी एकपर्यंत थांबणार होते, आणि एकपर्यंत काम चालू झालं नाही तर ताईंना जन्मभर काकांच्या सहीखालीच राहावं लागणार होतं.

मी पोचले तेव्हा नऊ वाजले होते. यंत्रांच्या हॉलमध्ये धुलाईचे बारा ड्रम ओळीने उभे होते, माणूस आत वाकून बसेल एवढे मोठे, काचेच्या गोल दारांचे. पलीकडच्या भिंतीला पॅनेल. तिथून निघालेली जाड केबल जमिनीखालच्या चरातून चाळीस पावलांवरच्या स्विचरूममध्ये जात होती, मुख्य स्विचपर्यंत. सगळीकडे नव्या रंगाचा वास येत होता. मॅनेजरने पहिल्या ड्रममध्ये एक पांढरी चादर आधीच टाकून ठेवली होती आणि दर पाच मिनिटांनी काच पुसत होता. त्याची घाई बघून मला बरं वाटलं, कारण माझी अवस्था काही वेगळी नव्हती.

आता कुलपांचं सांगते. मुख्य स्विच बंद स्थितीत ठेवून त्याच्या दांड्याला एक लोखंडी पकड लावलेली असते, तिला बारा भोकं. जो कुणी त्या विजेच्या वाटेवर कामाला उतरतो, तो आपलं स्वतःचं कुलूप एका भोकात अडकवतो, वर नावाची चिठ्ठी लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. काम संपलं की ज्याचं त्यानेच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विचचा दांडा हलत नाही. ताईंच्या माणसांची कुलपं निळी, माझं लाल. याच एका गोष्टीवर आमच्या धंद्यातली माणसं घरी जिवंत जातात.

दहा वाजता ताईंनी सगळ्यांना बोलावलं. नऊ माणसं होती. एकेक पुढे आला, चिठ्ठी वाचून दाखवली, कुलूप काढलं, बाजूला उभा राहिला. शेवटी ताईंनी आपलं काढलं. आणि तरीही पकडीला एक निळं कुलूप तसंच लटकत राहिलं. त्यावर चिठ्ठी नव्हती.

कुणाचं म्हणून विचारलं तर कुणीच हो म्हणेना. नऊ माणसांनी नऊ कुलपं हातात धरून दाखवली. एकाने सगळ्यांच्या किल्ल्या त्याला लावून पाहिल्या, एकही लागली नाही. ताईंच्या सामानात जादा कुलपांचा एक पत्र्याचा डबा होता, पण त्यात मुळात किती होती ते कुणी मोजलेलं नव्हतं. तेव्हा माझा पारा चढला. मी एकेकाला धारेवर धरलं. चिठ्ठी न लावता कुलूप लावणारा माणूस स्वतःच्या घराचं दार तरी नीट लावत असेल का, असं विचारलं. वीस वर्षं हे काम करतेय, इतका गलथानपणा पाहिला नाही, असंही म्हणाले. ते पुढे मला पुरतं महागात पडणार होतं.

ताई माझ्यासारख्या तडतडल्या नाहीत. त्यांनी दोन माणसांना केबलच्या चरात उतरवलं, दोघांना छतावर पाठवलं, एकाला मोऱ्या आणि सामानाच्या खोल्या बघायला सांगितलं. बाराही ड्रमची दारं उघडून आत टॉर्च मारायला लावला. गेल्या चार दिवसांत साइटवर येऊन गेलेल्या प्रत्येकाला फोन लावले. कुणी गवंडी, कुणी रंगारी, कुणी काच बसवणारा. सगळे आपापल्या ठिकाणी सुखरूप होते आणि कुणीही कुलूप लावलेलं नव्हतं.

साडेदहाला निरीक्षक आले, ठरल्याहून अर्धा तास आधी. वयस्कर, किडकिडीत, बोलण्यात माझ्या नणंदेहून काटकसरी. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, ताईंनी जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी एक स्टूल ओढलं, स्विचरूमच्या कोपऱ्यात बसले आणि वहीत पेन्सिलने काहीतरी लिहिलं. पहिल्या पानावरच बेवारस कुलूप म्हणजे झालं कल्याण.

सव्वाअकरा झाले. मॅनेजर कुठूनतरी लोखंड कापायचा लांब दांड्यांचा कटर घेऊन आला. सगळी माणसं बाहेर आहेत, चर रिकामा आहे, छत रिकामं आहे, मग एका पत्र्याच्या तुकड्यापायी किती वेळ बसायचं, असं त्याचं म्हणणं. आणि खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. मी ताईंना बाजूला घेतलं आणि म्हटलं की सव्वा तासात कुणी सापडलं नाही, आता कापू या, तुमची ही शेवटची संधी आहे.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तू पण?" एवढंच म्हणाल्या.

मग सहीवाले काका उठले. इतका वेळ ते खुर्चीत पेंगत होते. ते म्हणाले की परवाना माझ्याकडे आहे, जबाबदारी माझी, सही मी करतो, कापा. कायद्याने त्यांना तो अधिकार होता. ताईंना कसलाच नव्हता. मॅनेजर कटर घेऊन पुढे सरकला आणि ताई जाऊन स्विचसमोर उभ्या राहिल्या, पाठ स्विचला टेकवून.

"कुलूप आहे म्हणजे कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "तो माणूस मला दिसला नाही म्हणून तो नाही, असं मी धरणार नाही. परवाना गेला तर जाऊ दे."

मॅनेजरने कटर खाली ठेवला. निरीक्षकांची पेन्सिल चालली. ताईंचं तोंड उतरलं होतं, पण पाय जागचे हलले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि तेवढाच अभिमानही वाटला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्याचा. त्यांची साखर वाढलेली, तरी गोड दिसलं की हात थांबत नाही. म्हणून रविवारी मी बिस्किटांच्या कपाटाला माझं साइटवरचं लाल कुलूप लावून टाकलं होतं, माझा फोटो आणि 'मी काम करत आहे, कुलूप काढू नका' अशी छापील चिठ्ठी असलेलं. घरी ते कामाला येत होतं. तर हे फोनवर म्हणाले, "अगं, पाहुणे आलेत. चहाबरोबर द्यायला काही नाही. ते तुझं कुलूप पक्कडीने तोडू का?"

"हात लावायचा नाही त्याला," मी ओरडले. "कुलूप माझं आहे. मीच काढणार."

स्विचरूममध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक-दोघांना हसू फुटलं. मलाही फुटणार होतं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. माझं लाल कुलूप रविवारपासून घरी होतं. मग काल दुपारी मी केबल तपासली तेव्हा स्विचला काय लावलं होतं?

काल दुपारी मी ताईंच्या डब्यातून एक निळं कुलूप उचललं होतं. दहा मिनिटांचं तर काम, चिठ्ठी कशाला, असं म्हणत लावलं होतं. पर्स उघडली. आतल्या चेनच्या कप्प्यात, चष्म्याच्या फडक्याखाली, एक छोटी पितळी किल्ली.

लाज वाटायला वेळच मिळाला नाही, कारण लगेच त्याहून मोठी गोष्ट आठवली. केबल तपासताना मेगर नावाच्या यंत्राने तिच्यात मोठा दाब सोडतात. तपासून झालं तरी तो दाब केबलमध्ये काही काळ राहतो. तो जमिनीत उतरावा म्हणून केबलचं टोक चिमटे लावून अर्थिंगला जोडून ठेवायचं आणि थोड्या वेळाने चिमटे काढायचे. मी हॉलमधल्या पॅनेलच्या मागे ते चिमटे लावले, आणि तेवढ्यात लॅबमधून नवऱ्याच्या साखरेचा आकडा आला. आकडा ऐकून मी तशीच तणतणत घरी गेले. रात्री जेवण झाल्यावर चाचणीचा तक्ता पुढे ओढला आणि राहिलेल्या रकान्यांत एका दमात बरोबरच्या खुणा केल्या. केबल तपासली, बरोबर. दाब उतरवला, बरोबर. चिमटे काढले, बरोबर.

चिमटे काढलेच नव्हते. पॅनेलचं मागचं झाकण उघडं दिसलं म्हणून कुणीतरी चांगुलपणाने ते लावून टाकलं असणार. कुलूप कापून स्विच टाकला असता तर सगळी वीज त्या चिमट्यांतून सरळ जमिनीत धावली असती आणि पॅनेल स्फोटासारखं फुटलं असतं. आणि ठरलेल्या बेताप्रमाणे त्या वेळी पॅनेलसमोर मीटर वाचायला एकच माणूस उभा राहणार होता. ती मी होते.

मी भिंतीला टेकले आणि जे होतं ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुलूप माझं, चिमटे माझे, खुणा माझ्या. सगळं एका श्वासात, निरीक्षकांकडे बघत. कारण सकाळपासून मी ज्यांच्या नावाने खडे फोडत होते ती नऊ माणसं समोर उभी होती आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. ताईंनी माझा दंड धरला आणि एवढा घट्ट दाबला की पुढे चार दिवस तिथे बोटांचे वळ होते.

निरीक्षक उठले. "झाकण उघडून दाखवा," म्हणाले.

आम्ही सगळे हॉलमध्ये गेलो. मागचं झाकण काढलं. तिन्ही तारांवर तीन चिमटे, चकचकीत, मी लावले होते तसेच. मॅनेजर ते बघून पांढराफटक पडला. मी चिमटे काढले, मोजले, एकेक करून ताईंच्या हातात दिले. त्यांनी पुन्हा मोजले. मग केबल नव्याने तपासली, दाब उतरवला, चिमटे पुन्हा काढले, आणि या वेळी प्रत्येक खूण जागेवर उभं राहून केली. स्विचरूममध्ये परत जाऊन निळं कुलूप मीच उघडलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि मग सकाळचा तो उतावळेपणा दसपट होऊन परत आला. मी पॅनेलसमोर, शेजारी निरीक्षक. ताई स्विचरूममध्ये. मध्ये फोन चालू. मी तक्त्यातली पायरी वाचायची, ताईंनी तीच शब्दाला शब्द परत म्हणायची, करायची आणि झालं म्हणून सांगायचं. अशा एकोणीस पायऱ्या. माझा आवाज पहिल्या तीनमध्ये कापत होता, नंतर स्थिरावला. ताईंचा पहिल्यापासून सरळ होता.

"पायरी अकरा. मुख्य स्विच चालू करा."

"पायरी अकरा. मुख्य स्विच चालू करते."

चाळीस पावलांवरून धप्प असा आवाज आला. पॅनेलच्या पोटात एक बारीक गुणगुण सुरू झाली, आणि वरचे तीन दिवे लागले, लाल, पिवळा, निळा. मी तिन्ही तारांचे व्होल्टचे आकडे वाचले. चारशे पंधरा. चारशे सोळा. चारशे पंधरा. इतके देखणे आकडे मी फार वेळा पाहिलेले नाहीत. तारांचा क्रम तपासायचं यंत्र लावलं, कारण दोन तारांची अदलाबदल झाली असेल तर दिवे लागतात पण मोटर उलटी फिरते. क्रम बरोबर होता. मॅनेजरला खूण केली. त्याने बटण दाबलं आणि पहिला ड्रम फिरायला लागला, हव्या त्याच बाजूला. आतली चादर वर जायची आणि धपकन खाली पडायची. मग दुसरा, तिसरा, करत बाराही. जमीन पायाखाली थरथरत होती. नऊच्या नऊ माणसं टाळ्या वाजवत होती, मॅनेजर चादरीकडे बघून डोळे पुसत होता आणि मी फोनमध्ये ताईंना ओरडून सांगत होते की फिरतंय, सगळं फिरतंय, इकडे या. त्या धावत आल्या. ताईंना धावताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

एक वाजायला पाच मिनिटं असताना निरीक्षकांनी टेबल मागितलं. चाचणी उत्तम झाली, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग म्हणाले की पण आज एक अपघात होता होता टळला आहे, त्याची लेखी नोंद झाल्याशिवाय मला इथून जाता येत नाही. नोंद साइटच्या अधिकृत पर्यवेक्षकाने, म्हणजे परवाना असलेल्याने, लिहायची आणि खाली त्यानेच सही करायची.

सवयीने सहीवाले काका पुढे झाले आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"तुम्ही नाही," निरीक्षक म्हणाले. "तुम्ही कापा म्हणालात." त्यांनी वहीतून एक छापील कागद फाडला, त्यावर शिक्का मारला, तारीख घातली आणि ताईंसमोर ठेवला. तो परवाना होता. "आता नोंद लिहा, बाई. तुमची सही चालेल."

ताई त्या कागदाकडे नुसत्या बघत राहिल्या. बावीस वर्षं ज्याची वाट बघितली तो समोर आला तर त्यांना खुर्ची ओढायचंही सुचेना. मीच ओढली, मीच त्यांना बसवलं. त्यांनी नोंदीचा कोरा कागद घेतला आणि लिहायला लागल्या. अक्षर नेहमीसारखं टपोरं. लिहून झाल्यावर सही न करताच त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "बघ गं. तुझ्यावर आहे. नोकरीत तुझ्या नावावर राहील हे."

मी वाचलं. चाचणी अधिकाऱ्याने केबलच्या टोकाचे चिमटे काढले नाहीत आणि कुलपाला चिठ्ठी लावली नाही. माझं नाव, वेळ, जागा, सगळं बरोबर होतं. पण एक गोष्ट त्यात नव्हती, आणि ती चुकून राहिलेली नव्हती, हे मला ताईंच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

"ताई, यात चूक आहे," मी म्हटलं. "खुणा घरी बसून केल्या, काम न बघता केल्या, ते लिहिलेलं नाही. सगळ्यात मोठं तेच होतं."

"राहू दे ना, वहिनी."

"राहू देणार नाही. अर्धवट नोंदीवर तुमची पहिली सही मी होऊ देणार नाही. लिहा."

निरीक्षक खिडकीबाहेर बघत होते. ताईंनी डोळे पुसले, ते वाक्य लिहिलं, मला पुन्हा दाखवलं. मी बरोबर म्हटलं. मग त्यांनी खाली सही केली. दोनदा थांबून, कारण तिकडे बारा ड्रम फिरत असल्यामुळे टेबल कापत होतं. सहीखाली कंसात हुद्दा लिहायचा असतो. अधिकृत पर्यवेक्षक, असं त्यांनी पूर्ण लिहिलं, एकही काना-मात्रा न खाता. माझ्याविरुद्धचा तो कागद मी दोन्ही हातांत धरून सगळ्यांना वाचून दाखवला, आणि हुद्द्यापर्यंत आले तेव्हा पुढे वाचवेना.